चौसष्ट मीटरच्या पलीकडे

शिवू,

तुझ्या हातची चिठ्ठी अजून मशीनच्या अंगाला चिकटलेली आहे. चिकटपट्टी पिवळी पडली, एक कोपरा सुटला, पण अक्षर नीट वाचता येतं. तू गेलास त्याला आज बाविसावा दिवस. कसा गेलास, कुठल्या वळणावर, पाऊस होता की नव्हता, हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून माझं तोंड दुखलंय, ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी त्या चिठ्ठीबद्दल बोलायचं आहे. खरं म्हणजे भांडायचं आहे. आणि तू ऐकून घेणार आहेस, कारण आता मधेच "अक्का, नेट गेलं" म्हणून तुला पळता येणार नाही.

चिठ्ठीवर तू पाच ओळी लिहिल्यास. दूरची नजर चौसष्ट मीटर. जवळचा एकच माणूस पूर्ण, बाकी सपाट. नावं बंद. सावल्या बंद. आकाश चालू. आणि खाली दोनदा रेघ मारून, "वाढवू नको, मशीन बसंल." चौसष्टच्या शेजारी आधीचा आकडा खोडलेला आहे, तो अजून दिसतो. एकशे अठ्ठावीस.

हे काय प्रकरण आहे ते मी परवा अव्वाला, आपल्या आईला, समजावून सांगितलं, तसंच इथे लिहिते, म्हणजे कुणी तिसऱ्याने वाचलं तर त्यालाही कळेल. इंटरनेटवर एक जग आहे. त्यात प्रत्येकाची एक बाहुली असते. ती चालते, बसते, मनात आलं तर उडते. तिथे जमीन मिळते, घर बांधता येतं, आणि पुण्यातला माणूस आपल्या हुमनाबादच्या माणसाशेजारी बाकावर येऊन बसू शकतो. चांगल्या मशीनवर हे जग लांबपर्यंत दिसतं. जुन्या मशीनला एवढं सगळं चितारणं झेपत नाही, ती अडखळते आणि मग थिजून बसते. म्हणून तिला सांगून ठेवायचं, की माझ्या बाहुलीपासून इतक्याच अंतरापर्यंतचं दाखव, पुढचं राहू दे. त्यापुढे नुसतं धुकं दिसतं. माणसांचंही तसंच, सगळ्यात जवळचा तेवढा नीट चितारायचा, बाकीच्यांचा नुसता आकार.

ही मशीन तूच आणलीस. तुमच्या ऑफिसात नवी आली, जुनी काढून टाकली, त्यातली एक. चादरीत गुंडाळलेलं धूड मांडीवर घेऊन तू पुण्याच्या बसमधून नाक्यावर उतरलास, तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, "पेटी हाय का अण्णा, भजनाची?" तू म्हणालास, "व्हय. अक्काला गाणं शिकायचंय." माझा आवाज कसा आहे ते साऱ्या गल्लीला ठाऊक, म्हणून तो घरापर्यंत हसत आला.

त्याच्या आदल्या वर्षी आपली खोली गेली होती. अप्पांची टायपिंगची खोली, हायवेला लागून, आठ टाइपरायटर, दोन लांब बाकं, दारावर पत्र्याची पाटी. रस्ता रुंद झाला आणि खोली होती तिथून आता लॉऱ्या जातात. मी वरच्या मजल्यावर तीन कॉम्प्युटर मांडून बसले, अप्पा घरात बसले आणि महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. तू म्हणालास, "खोली परत बांधू." मला वाटलं, थट्टा करतोयस. पण त्या जगात तू माळावरचा एक तुकडा घेतलास आणि सहा रविवारांत खोली उभी केलीस. पाटी, बाकं, खिडकीचे गज, माठ, आठही टाइपरायटर. उरलेल्या एका टाइपरायटरवर मला टाइप करायला लावून तू तो आवाज मोबाइलवर घेतलास, ओळ संपल्यावरच्या घंटीसकट. पहिल्यांदा अप्पांना स्क्रीनसमोर बसवलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "खिडकी डाव्या हाताला होती." ते खुर्चीतून उठायच्या आत तू पुण्यातून खिडकी हलवलीस. त्या दिवशी अप्पा जेवले पोटभर. हे मी विसरलेले नाही, आणि पुढचं सगळं बोलून झाल्यावरही विसरणार नाही.

मशीन मात्र म्हातारी. सुरुवातीला माझी बाहुली एक पाऊल टाकायची, थांबायची, मग एकदम भिंतीत घुसायची. तू फोनवर सांगायचास आणि मी करायचे. टाइपरायटर साफ करायचा ब्रश घेऊन मी तिच्या पंख्यातली धूळ काढली. पिठाच्या गिरणीत असते तशी निघाली. बाजूचं झाकण काढून तिच्यापुढे टेबलफॅन लावला. मोडीत निघालेल्या दुसऱ्या मशीनची मेमरी काढून हिच्यात बसवली. स्क्रीनवरच्या खिडकीचा आकार लहान केला, रंग कमी केले, दर शनिवारी डिस्क आवरून ठेवू लागले, खेळाचं साठवलेलं सामान दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं. एकेका गोष्टीने मशीन थोडी थोडी सुटी होत गेली. वर्षभरात ती इतकी सुधारली की तू स्वतः म्हणालास, "अक्का, तू तर म्हातारीला पळवायलीस." मला केवढा अभिमान वाटला. टायपिंगच्या बाईला तुमच्या ऑफिसातल्या माणसाने दिलेलं ते सर्टिफिकेट होतं.

आणि मग तू दिवाळीनंतर दोन दिवसांसाठी आलास. तोंडावर तेज होतं, मला वाटलं पुण्याचं पाणी मानवलं. जाताना मशीनसमोर बसलास, एकशे अठ्ठावीस खोडून चौसष्ट केलंस, माणसांच्या ओळीत "एकच" घातलंस, नावं बंद केलीस. मी विचारलं, "कामून रे? आता तर चांगली चालायलीय."

"नवीन आवृत्ती आलीय अक्का. लई जड हाय. बसंल."

"मग आकाश बंद कर. ढग बघून मला काय करायचंय? लांबचं दिसू दे."

"आकाश राहू दे," तू म्हणालास. "खोलीवर आकाश पायजे."

हा आपला वाद तिथेच राहिला. पुढे मी तो चार-पाचदा काढला आणि दर वेळी तू आकाशाची बाजू घेतलीस. मला हे मजेशीर वाटायचं, आपला शिवू ढगांवर जीव टाकतो. मशीन सुधारली असताना नजर कमी कशी झाली, हा प्रश्न माझ्याकडे शिकणाऱ्या कुठल्याही मुलीने विचारला असता. मी विचारला नाही. ती पट्टी माऊसने जराशी उजवीकडे सरकवायची होती, अर्धी वीत. साडेतीन वर्षांत मी तिला हात लावला नाही, कारण तू लिहिलं होतंस.

दर रविवारी दुपारी तीनला मी क्लासचं शटर अर्धं ओढून बसायचे. तू यायचास. तुझी बाहुली पहिल्या बाकावर आणि माझी अप्पांच्या खुर्चीत. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून आपण बोलायचो आणि मी तुझ्या चुका काढायचे, कारण एवढं शिकवूनसुद्धा तू दोनच बोटांनी टाइप करायचास. एकदा मी खोलीच्या मागे फिरायला निघाले, तर तू धावत आडवा आलास. "तिकडं गर्दी हाय, मशीन बसंल." मी वळले. दुसऱ्या एका रविवारी धुक्याच्या कडेला एक करडी आकृती उभी होती, कागदाची कापून ठेवावी तशी सपाट, ना तोंड, ना नाव. मी आपली पद्धत म्हणून टाइप केलं, "नमस्कार." तिकडून आलं, "नमस्कार अक्का." मी तुला विचारलं, "हे कोण रे? मला अक्का म्हणायलंय."

"असंल कोण तरी फिरस्ती. माझं ऐकून म्हणलं असंल."

ती आकृती अधूनमधून येत राहिली. खोलीत कधी आली नाही. कडेला उभी राहायची आणि जायची.

आता भालकीच्या मास्तरांचं. त्या दिवाळीनंतरच्या शिवरात्रीच्या आसपास त्यांचं स्थळ आलं होतं. बायको वारलेली, दोन मुलं, सभ्य माणूस. मी चौतीस ओलांडलेली. आपल्याकडे थोरली घरात असताना धाकट्याच्या डोक्यावर अक्षता पडत नाहीत, आणि तू एकोणतीसचा झाला होतास. मला त्या मास्तरांशी लग्न करायचं नव्हतं. पण तुझं अडलंय, हे मला रोज जेवताना आठवायचं. त्या रविवारी मी टाइप केलं, "मी व्हय म्हणायलेय."

"कामून?"

"तुझं अडलंय म्हणून."

मला वाटलं नेट गेलं. मग एकेक अक्षर आलं. "माझ्यासाठी व्हय म्हणू नकोस अक्का. मला कसलीच घाई न्हाई. तुझ्या मनात असंल तर कर, न्हाईतर करू नको."

मी की-बोर्डवर डोकं ठेवून रडले. तिकडे स्क्रीनवर माझ्या कपाळाने कसली कसली अक्षरं उमटली आणि तू विचारलंस, "हे काय लिवायलीस?" मी मास्तरांना नकार कळवला. त्या नकाराने माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि त्याबद्दल मी तुझे उपकार आजही मानते. ते खरेच होते. तू मला जबरदस्तीच्या संसारातून वाचवलंस.

पण नंतर मी काय केलं ते ऐक. मी तुझी कीर्ती सांगत फिरले. क्लासातल्या मुलींना, फुलवाल्या शांताबाईला, मठात भेटणाऱ्या बायकांना, बसवकल्याणच्या मावशीला. माझा भाऊ माझ्यासाठी थांबलाय. एवढा शिकलेला, पुण्यात राहतो, पण म्हणतो अक्काच्या आधी न्हाई. दर सोमवारी मी बसवण्णापुढे तुझ्यासाठी उभी राहायचे, की माझ्यामुळे याचं आयुष्य कोरडं जाऊ देऊ नको. मावशी नुसती ऐकून घ्यायची आणि दुसरा विषय काढायची. आता मला कळतं की तिलाही माहीत होतं.

हळ्ळीखेडच्या आपल्या रानात तुला माती दिली त्या दिवशी तुझ्या ऑफिसातली माणसं आली होती. पाच-सहा पुरुष आणि मागे एक बाई, मांडीवर दोन वर्षांची पोरगी. बाई रडत नव्हती. पदर तोंडावर दाबून बांधावर बसून होती. मी तिला माझ्या हाताने पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही ऑफिसातल्या का?"

ती म्हणाली, "व्हय."

मी म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. रडत न्हाई." तिने पोरीचं झबलं सारखं केलं. अव्वा मात्र दोनदा उठून आली, "त्या लेकराला दूध दे, सकाळपासून काय खाल्लं असंल." स्वतःचा लेक मातीत गेलाय आणि हिला परक्याच्या पोराची भूक दिसते, म्हणून मला अव्वाचं कौतुक वाटलं. मी दूध दिलं. संध्याकाळच्या बसने ती सगळी माणसं परत गेली. नाक्यापर्यंत सोडायला मीच गेले होते.

अकराव्या दिवशी तुझ्या नावाने शिवगणाराधना झाली, गव्हाच्या हुग्गीची पंगत उठली, आणि तुझा तो चष्मेवाला मित्र काळी बॅग घेऊन आला. तुझा लॅपटॉप. वर कागद, "हे अक्कांचं." अक्षर बाईचं. मी दोन दिवस उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला तर पासवर्ड मागितला. मी फार विचार केला नाही. टायपिंगच्या पहिल्या धड्याची डाव्या हाताची चार अक्षरं मारली आणि तो उघडला. दोन बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाने तेवढा धडा लक्षात ठेवला होता. मला हसू आलं. त्यानंतर आजवर आलेलं नाही.

त्या जगाचं चित्र तिथेच होतं. मी त्यावर दाबलं आणि तुझी बाहुली उठून उभी राहिली. तुझा निळा शर्ट, तुझी उभं राहायची ढब. आपल्या खोलीत नाही, एका घरात. मी ते घर कधी पाहिलं नव्हतं, पण दार ढकलल्यावर तुझंच आहे हे कळलं, कारण तुझं प्रत्येक दार आत उघडतं आणि थोडं करकरतं. स्वयंपाकघर होतं, ओट्यावर पोळपाट. पाळणा होता. आणि एक खिडकी होती. खिडकीतून आपली टायपिंगची खोली दिसत होती, पत्र्याच्या पाटीसकट. दार उघडं असलं की अप्पांची खुर्चीही दिसत असणार. मी दोनदा मोजलं. नव्वद मीटर.

तुला मी दिसत होते, शिवू. साडेतीन वर्षं दर रविवारी तू त्या घरातून निघून नव्वद मीटर चालत यायचास, माझ्यापुढे बाकावर बसायचास, आणि परत त्या घरात जायचास. मला तिथे धुकं होतं.

भिंतीवर फोटो होते, खरे, कॅमेऱ्याने काढलेले. पहिल्यात तू आणि ती, गळ्यात हार, खाली महिना आणि साल. मला महिने मोजायला बोटं लागत नाहीत. भालकीच्या स्थळाच्या आधी चार महिने. "मला कसलीच घाई न्हाई." नव्हतीच की. दुसऱ्या फोटोत पाळण्यातली पोरगी, आणि पाळण्याला हात लावून बसलेली, हिरवं इरकल नेसलेली आपली अव्वा.

तू म्हणशील, अव्वा कधी आली होती ते तेवढ्यावरून ओळखलंस? ते इरकल मी घेतलं होतं. ती मोतीबिंदूला म्हणून पुण्याला निघाली तेव्हा मीच पिशवीत घातलं होतं, की दवाखान्यात चांगलं लुगडं असू दे. दहा दिवसांनी ती परत आली, तोच धुरकट डोळा घेऊन. "डॉक्टर म्हणला, अजून पिकला न्हाई." मी त्या डॉक्टरला चार शिव्यासुद्धा दिल्या होत्या.

लॅपटॉप तसाच उघडा हातात धरून मी घरात गेले. अव्वा भाकरी थापत होती. मी तो फोटो तिच्यापुढे केला.

"हे काय हाय?"

तिने एका डोळ्याने बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली. "तुला कुणी दावलं?"

"कुणी दावलं ते जाऊ दे. मला सांगितलं न्हाई कामून?"

"तुला वाईट वाटंल म्हणला."

"कोण?"

"शिवू. मीबी म्हणले. अप्पाबी म्हणले. तुझं जमलं की सांगू, तुझं जमलं की सांगू, असं करत राहिलं."

"ती दुसऱ्या कुणाची हाय का? जातीबाहेरची?"

"न्हाई की. आपल्यातलीच. सोलापूरची. गिरिजा नाव. गुणाची हाय पोरगी."

म्हणजे दुसरं कारणच नव्हतं. जात आडवी आली असती तर मी अप्पांशी भांडले असते तुझ्यासाठी. कारण फक्त मी होते. मी विचारलं, "पाळण्यात घालताना नाव कानात कुणी सांगितलं?" पोराच्या कानात नाव सांगायचं आत्याने. आत्या एकच, मी. अव्वाने भाकरी उलटली. भाकरी करपली होती. ती म्हणाली, "ते गिरिजाला इचार."

मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. आजही धड बोलत नाही. अप्पा आढ्याकडे बघत बसतात. मी मनात एकेक रविवार काढून बघते आणि प्रत्येक रविवार नासलेला निघतो. तू हसलास तो खोटं हसलास का? "अक्का, तू म्हातारीला पळवायलीस" म्हणालास, तेव्हा तुझ्या मनात हे होतं का, की फार पळवली तर हिला दिसायला लागेल? मी मशीन सुधारत गेले आणि तू ती परत आंधळी करत गेलास. माझीच विद्या वापरून. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. लग्न केलंस ते नाही. लग्न केलंस याचा मला आनंद होतो, खोटं सांगत नाही.

आणि त्या बाईचं काय? आपल्या नवऱ्याच्या मातीला ती ऑफिसातली होऊन बसली. मी विचारलं म्हणून "व्हय" म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही सगळ्यांनी माझं दुःख किती मोठं आहे ते आपसांत ठरवलंत, आणि त्याला जागा करून द्यायला तिला बांधावर बसवलंत. मला कुणी विचारलं का, की अक्का, तुला एवढी जागा लागते का? मी काय म्हणाले असते ते सांगू? दोन दिवस रुसले असते. चार दिवस शेजारपाजारचं बोलणं ऐकलं असतं. मग पुण्याची बस धरून आले असते आणि तुझ्या बायकोला तुझ्या सगळ्या खोडी सांगितल्या असत्या.

परवाच्या रविवारी मी एक गोष्ट करून बघितली. लॅपटॉप बाजूला ठेवला आणि या म्हातारीला सुरू केलं. मला हे कळायलाच हवं होतं, की तू म्हणायचास ते खरं होतं का. ती खरंच बसली असती का. माझ्या बाहुलीने लॉग इन केलं, ती खोलीत उभी राहिली, आणि मी पट्टी सरकवली. एकशे अठ्ठावीस. मशीन थिजली. माऊस हलेना, पंखा घोंघावायला लागला. एक क्षण मला बरं वाटलं, शिवू. वाटलं, निदान एवढं तरी खरं बोलला होता.

मग मी तिला बंद करून परत सुरू केलं आणि टायपिंगच्या बाईच्या डोक्याने विचार केला. एकीकडे वाढवायचं तर दुसरीकडून काढायला हवं. मी आकाश बंद केलं. ढग, गवत, पाण्याची लकाकी, वाऱ्याचा आवाज, सगळं काढलं. टाइपरायटरचे आवाजही काढले. स्क्रीनवरची खिडकी अजून लहान केली. व्हायरसवाला प्रोग्राम तेवढ्यापुरता थांबवला. माणसांच्या ओळीत एकाचे तीन केले, नावं चालू केली. आणि परत पट्टी सरकवली.

अडखळली, पण बसली नाही. धुकं मागे सरकलं. आधी माळ दिसला, मग करड्या भिंती, मग दार, मग त्या भिंतींना रंग आला. तुझी खिडकी दिसली. एवढंच करायचं होतं, रे. आकाश काढायचं आणि माणसं ठेवायची. तू उलटं केलंस. माझी मशीन काय पेलते हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं तू धरून चाललास, आणि त्याची माफी मी तुला इतक्यात देणार नाही. चिठ्ठी म्हणूनच काढलेली नाही. रोज दिसू दे.

तीन वाजले होते. खोलीच्या दाराशी ती करडी आकृती उभी होती. या वेळी कडेला नाही, उंबऱ्याशी. मी वाट बघितली. आधी केस आले, मग साडीचा रंग, मग हात. तोंड सगळ्यात शेवटी आलं. बाहुलीचंच तोंड, पण डोक्यावर नाव होतं. गिरिजा.

तिने टाइप केलं, "अक्का, मी दिसायले का?"

मी म्हणाले, "थांब. माझी मशीन हळू हाय. दिसायलीस."

तिने माझ्याकडे माफी मागायची का मी तिच्याकडे, हे दोघींनाही कळत नव्हतं. शेवटी माझ्याने राहवेना. मी विचारलं, "पोरीचं नाव काय?"

उत्तर यायला वेळ लागला. तीही दोन बोटांनीच टाइप करते.

"दाखल्यावर एक हाय. कानात कुणी सांगितलं न्हाई. ते म्हणायचे, अक्काचं काम हाय, अक्काच करंल. घरी आम्ही तिला नुसतं बाळी म्हणतो. पाळण्यातून उतरली, चालाय लागली, तरी ते थांबलेच होते."

मी काहीतरी टाइप करायला घेतलं आणि नेमकी तेव्हा मशीन बसली. सगळं जागच्या जागी थिजलं, गिरिजा, दार, माझी बाहुली. मी बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन जवळ ओढला, बटण दाबून ती बंद केली आणि परत सुरू केली. हे मी वर्षानुवर्षं करतेय. तिला पूर्ण वर यायला सहा मिनिटं लागतात, शिवू. वर आली तेव्हा गिरिजा तिथेच उभी होती.